देवरे सरांची पैजेची मिशी

“उघडा तो डबा. चार वर्सं थांबायची सोय नाही मले. माह्या पोरीची चिठ्ठी आज वाचा, समद्या गावासमोर वाचा.”

बेबीबाई ओरडत होती. तिच्या आवाजाबद्दल आमच्या गावात असं सांगतात, की ती कापूस वेचताना शेताच्या या टोकाला खाकरली तर पहूरच्या स्टँडवरून सुटलेली एसटी मागे येते. मी एसटी मागे आलेली पाहिलेली नाही. पण त्या दिवशी शाळेच्या आवारातल्या निंबावरचे सगळे कावळे उडालेले मी या डोळ्यांनी पाहिले, आणि ते संध्याकाळपर्यंत परत आले नाहीत.

दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. निंबाला तीन झोके बांधलेले. माहेराला आलेल्या पोरी झोक्यावर उभ्या राहून गाणी म्हणत होत्या, त्या गाणं अर्धं टाकून खाली उतरल्या. पाराच्या सावलीत पत्त्यांचे चार डाव पडले होते. आखाजीला पत्ते खेळलेलं देव मोजत नाही अशी खानदेशात समजूत आहे, त्यामुळे एरवी तुळशीला पाणी घालणारी माणसंही त्या दिवशी एक्का दाबून बसतात. तेही डाव थांबले. नथू न्हावी चामड्यावर वस्तरा घासत होता, तो तसाच हात वर धरून राहिला.

मधोमध खुर्चीवर देवरे सर. मांडीवर पत्र्याचा डबा. बेबीबाईच्या मागे तिची मनीषा, नजर पायाच्या अंगठ्यावर. आणि दहा पावलं लांब, भिंतीला टेकून उकिडवा बसलेला बेबीबाईचा नवरा सुपडू.

सर मिशीच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने हात लावत राहिले.

त्या मिशीबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

देवरे सर आमचे गणिताचे. मूळचे साक्रीकडचे. आमची शाळा संस्थेची, पाचवी ते दहावी, त्यामुळे बदली नाही; तिशीच्या आतले आले ते आमच्यातच म्हातारे झाले. गाव ‘मले-तुले’ बोलणारं, सर ‘आहे’ला ‘शे’ म्हणणारे. वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी, पण राग आला किंवा देवाला हाक मारायची झाली की थेट अहिराणी. आल्या वर्षीच त्यांची गावातल्या शहाण्या माणसांशी पारावर वादावादी झाली. शहाणी माणसं म्हणत होती, ज्याच्यात धमक आहे तो पोरगा कुठूनही वर येतो. सर म्हणाले, “चांगलं शे. मग पैज लावू.”

पैज अशी. पाचवीत पोरगं आलं की पहिल्या दिवशी सर त्याला तीन प्रश्न विचारणार. बाप काय करतो, आई किती शिकली, घरात पुस्तक कुठे ठेवतो. बस. मग पाठकोऱ्या कागदाच्या तुकड्यावर ते पोरगं पुढे काय होणार हे लिहून, डिंकाने चिकटवून, वर नाव घालून चिठ्ठी डब्यात टाकणार. बारा वर्षांनी आखाजीला चिठ्ठी उघडायची, कारण आखाजीला पोरी माहेराला असतात, पोरं सुरतेहून, पुण्याहून घरी आलेली असतात, आणि जुगाराला त्या दिवशी मोकळीक. एका वर्षाच्या चिठ्ठ्यांतल्या निम्म्या जरी खोट्या निघाल्या तरी सर भर आवारात मिशी काढणार.

लिहिताना सर डोळे मिटून घ्यायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “पोराच्या तोंडाकडे बघितलं की आशा वाटते. आशा वाटली की अंदाज चुकतो.”

पहिल्या बारा वर्षांत मिशी कापायचा प्रश्नच नव्हता, पैज पिकायची होती. तेवढ्यात ती एवढी वाढली की जळगावच्या गाडीत कंडक्टर म्हणायचा, सर, मिशीचं अर्धं तिकीट वेगळं पडेल. केळीच्या बागेतून जाताना ती दोन्ही बाजूंच्या पानांना लागायची आणि बागवाला आतून ओरडायचा, कोण घड हलवतंय. हे मी थोडं वाढवतोय. पण थोडंच.

पैज पिकली आणि डबा पहिल्यांदा उघडला, त्यात माझी चिठ्ठी होती. मी सरांच्या पहिल्या पाचवीतला. माझी उत्तरं: बाप मास्तर, आई सातवी, पुस्तक कपाटात. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘मास्तर होईल. बडबड करील.’ मी त्याच जूनपासून त्याच शाळेत मराठीला लागणार होतो. नेमणूक कशी झाली ते विचारू नका. वडील त्याच संस्थेत होते एवढं सांगतो. मी तोवर सगळ्यांना हेच सांगत आलो होतो की मी रात्रीचा दिवस केला. सगळं गाव हसलं, मीही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठी उजव्या बाजूला ठेवली. उजवीकडे खरी निघालेली, डावीकडे खोटी. संध्याकाळपर्यंत उजवीकडे ढीग झाला. डावीकडे तीन-चार तुकडे होते, तेही वाऱ्याने उडून उजवीकडे जायला बघत होते.

गावाने जिंकलेल्या सरांना खांद्यावर घेतलं. सर वरून अहिराणीत कोणाला तरी शिव्या देत होते. लोकांना वाटलं आनंदात आहेत.

मला तेव्हाही कळलं नव्हतं. कळलं ते पुढे, तलाठ्याच्या संदीपची आणि गवंड्याच्या राजूची चिठ्ठी एका दिवशी निघाली तेव्हा.

हे दोघं एका बाकावरचे. संदीपला आठाचा पाढा असा यायचा की ऐकणाऱ्याने स्वतःचाही विसरावा. राजू असा, की सर फळ्यावर उदाहरण लिहायला हात उचलायचे आणि हा खालून उत्तर सांगायचा. सर म्हणायचे, अरे, प्रश्न तर लिहू दे. संदीपच्या चिठ्ठीत ‘इंजिनिअर’ होतं, राजूच्या चिठ्ठीत ‘सेंट्रिंग’. आणि बारा वर्षांनी आवारात संदीप पुण्याहून गाडी घेऊन आला होता, इंजिनिअर. मध्ये दोनदा गणितात नापास झाला, एक वर्ष घरी बसला, जळगावात क्लास लावला, तो सोडून दुसरा लावला, मग पैसे भरून डिप्लोमाचं कॉलेज मिळालं. बापाने प्रत्येक वेळी फक्त एवढंच म्हटलं, पुढच्या वेळी बघू. राजू अकरावीत एकदाच नापास झाला, बाप बांधकामाच्या पालखावरून, परांचीवरून पडला त्या वर्षी. त्याला पुढची वेळ नव्हती. तो सुरतेला स्लॅबखाली बल्ल्या लावत होता.

चिठ्ठी वाचली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने राजूच हसला. “सर, मानलं तुमाले. मी फारम भरायच्या आधीच तुमी मले कामाले लावलं.” आणि त्याने आणलेली जिलेबी सरांसमोर धरली. सरांनी तुकडा तोडला, हातात धरला, आणि तो हातातच राहिला. पाक मनगटापर्यंत ओघळला तरी.

सर वर्गात एक वाक्य नेहमी म्हणायचे. फळ्यावर पाच-सहा शून्यं काढायचे आणि विचारायचे, यातलं हुशार शून्य कोणतं? पोरं गोंधळायची. मग एकेका शून्याच्या आधी एकेक आकडा लिहायचे. “शून्य सगळ्यांचं सारखं गोल. किंमत ठरते ती त्याच्याआधी कोण उभं शे यावर.” पोरांना वाटायचं गणित चाललंय.

त्यानंतर दर आखाजीला मी त्यांच्या शेजारी बसायचो. डबा उघडायच्या आधी ते डोळे मिटून पुटपुटायचे, “यंदा तरी बठ्ठं खोटं निंघू दे रे देवा.” बठ्ठं म्हणजे सगळं. नथू दर वर्षी वस्तरा, वाटी, साबण घेऊन यायचा आणि दर वर्षी कोरडा वस्तरा घेऊन परत जायचा. म्हणायचा, “सर, या मिशीनं मह्या वस्तऱ्याले म्हातारं केलं.” जगात पैज जिंकून एवढा खंगलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मनीषा पाचवीत आली त्या वर्षीचं मला आठवतं, कारण मी दारात उभा होतो. बाप काय करतो? “केळीचे घड वाह्यतो.” आई किती शिकली? “नाही शिकली.” पुस्तक कुठे ठेवतेस? “पिठाच्या डब्यावर. पीठ काढायचं असलं की मांडीवर.” सरांनी डोळे मिटून लिहिलं. डिंक लावला. नाव विचारलं. आणि पोरगी म्हणाली, “सर, फळ्यावरची बेरीज चुकेल हाय.”

सरांनी डोळे उघडले. मागच्या तासाची बेरीज होती. हातचा राहिला होता.

तिथून सरांनी स्वतःच्याच पैजेत स्वतःविरुद्ध उतरायचं ठरवलं. एका चिठ्ठीने मिशी जाणार नव्हती, पण सरांचं आता निम्म्याअर्ध्यावर लक्षच नव्हतं. मला म्हणाले, “ही एक खोटी निंघू दे. मी मिशी काढतो. पैज गेली खड्ड्यात.” आपल्या ओसरीवर टेबल टाकलं, वर दिवा टांगला. मनीषा शाळेतून तिकडे जायची, सरांच्या बायकोने केलेली भाकरी खायची आणि अभ्यास करायची. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला सर जामनेरला एवढ्या वेळा गेले की तिथल्या शिपायाने आपल्या पोराच्या बारशाला त्यांना बोलावलं. दहावीला ती शाळेत पहिली आली. बारावी सायन्सला जळगावला, वसतिगृहात. परीक्षा दिली, घरी आली. धुळ्याच्या नर्सिंगची माहितीपुस्तिका सरांनी तिच्या आधी वाचून पाठ केली होती. तिथे कोणत्या मजल्यावर काय आहे हे सर न बघता सांगायचे.

आणि आखाजीच्या आठ दिवस आधी चाळीसगावकडचं स्थळ आलं. मुलगा जिनिंगमध्ये हमाल, घरी कापसाची मजुरी, देणंघेणं काही नको, फक्त लग्न लवकर. सुपडूने होकार कळवला.

सर मला घेऊन त्याच्याकडे गेले. सुपडू गरीब माणूस, म्हणजे स्वभावाने. त्याच्या उजव्या खांद्यावर घड वाहून वाहून लिंबाएवढी गाठ आलेली. बोलताना तो ती चोळायचा. सरांनी अर्धा तास समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “सर, तुमचं बरोबर हाय. पण तुमी तिची चिठ्ठी लिव्हली ना?”

सर म्हणाले, “लिहिली.”

“घड वाह्यणाऱ्याच्या पोरीच्या चिठ्ठीत काय असते ते गावाले ठावं हाय. आणि इतक्या वर्सांत तुमची चिठ्ठी हुकली का? दोन-चार हुकल्या असतीन, त्या मोठ्यांच्या. आमच्यातली एक नाही. मंग जे होणारच हाय, त्याच्यासाठी आणखी चार वर्सं पोरीले कायले हिंडवू? तुमच्यावर भरोसा हाय म्हून तर होकार देला.”

सर उठले. चप्पल न घालता रस्त्याला लागले. मी चपला हातात घेऊन मागे. त्यांनी गावाला दाखवायला मांडलेलं गणित गावाने पंचांगासारखं घरात टांगलं होतं, आणि हे त्यांना त्या दिवशी कळलं.

हे सगळं भिंतीआडून बेबीबाईने ऐकलं होतं. तिने ठरवलं, चिठ्ठीवरच अडलंय ना, मग चिठ्ठीच बघू. तिने सरांना निरोप पाठवला: आखाजीला येते.

तर आता आवारात परत या. बेबीबाई ओरडून थांबली आहे. सर मिशीवरून हात काढतात.

“सुपडूभाऊ,” सर म्हणाले, “चिठ्ठी बारा वर्षांनी उघडायची असते. आज आठच झालीत. पण तुम्ही माझ्या लेखी शब्दावर पोरीचं लग्न ठरवलंय. तो शब्द काय आहे ते बघायचं का?”

सुपडू म्हणाला, “बघा.”

“त्यात वेगळं निघालं तर धुळ्याला पाठवणार?”

सुपडूने खांदा चोळला. गावाकडे बघितलं. “तुमचं लेखी कधी खोटं नाही निघालं. त्यात निघालं तर पाठवीन.”

बेबीबाई म्हणाली, “ऐकलं समद्यांनी.”

सरांनी डबा उघडला. चिठ्ठी शोधली नाही, वरच होती. मला तेव्हाच काहीतरी वाटलं. त्यांनी ती सुपडूपुढे धरली. सुपडू म्हणाला, मले कुठी वाचता येते. बेबीबाईला येत नव्हतं. माझ्याकडे हात येणार, तेवढ्यात बेबीबाईने ती घेऊन मनीषाच्या हातात दिली. “तूच वाच व माय. तुह्यं हाय, तूच वाच. मोठ्यानं.”

मनीषाने डिंक सोडवला. चिठ्ठी उलगडली. वाचली. मग उलटून मागची बाजू बघितली. मग सरांकडे बघितलं. किती वेळ ते मी सांगणार नाही, कारण माझ्या अंदाजाने त्या वेळात एक पिढी होऊन गेली. झोक्याचा दोर एकदा करकरला.

“‘आईसारखी,’” तिने वाचलं. “‘कापूस वेचील.’”

सरांच्या तोंडावरचं रक्त मिशीत उतरलं असावं, कारण मिशी तेवढी काळी राहिली आणि बाकी चेहरा निंबाच्या सालीसारखा झाला. त्यांनी तोंड उघडलं. मनीषाने चिठ्ठी चार घड्या करून मुठीत घेतली.

सुपडू उठला, कमरेवर हात ठेवून सरळ झाला. त्याच्या तोंडावर आनंद नव्हता, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. “चाल,” एवढंच म्हणाला.

बेबीबाई मात्र तिथेच मातीत बसली. तिचा तो आवाज कुठे गेला कोण जाणे, तिने सरांपुढे हात जोडले आणि मला जेमतेम ऐकू आलं, “माफ करा सर. मी उगाच बोंबलले.”

जाताना मनीषाने चिठ्ठी सरांच्या हातात नाही, डब्यात टाकली. झाकण लावलं. आणि आईला उठवून घेऊन गेली. पारावर पत्ते पुन्हा वाटले गेले. एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, “पाह्यलं? सर म्हंजे लेखी.”

आवार रिकामं झाल्यावर मी डबा उघडला. सरांनी अडवलं नाही. चिठ्ठीत सरांचं टपोरं अक्षर होतं: ‘परिचारिका. सरकारी दवाखाना.’ मी ती उलटली. मागे छापील प्रश्न होते. ‘खालील उताऱ्याला योग्य शीर्षक द्या.’ त्याच मार्चच्या नववीच्या वार्षिक परीक्षेची मराठीची प्रश्नपत्रिका, मीच काढलेली आणि मनीषाच्या धाकट्या भावाने घरी नेलेली. आठ वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीच्या पाठीवर दोन महिन्यांपूर्वीचा प्रश्न. उभ्या जन्मात लबाडी न केलेला माणूस लबाडीला बसला की कसा बसतो, ते बघा. आणि ते सबंध गावात दोघांनाच कळण्यासारखं होतं, मला आणि तिला.

“जुन्या चिठ्ठीत काय होतं?” मी विचारलं.

“तिनं वाचलं ते. अक्षर न अक्षर.” सर नथूच्या फळीवर जाऊन बसले. “नथू, काढ.”

नथू हबकला. “सर, तुमी तर जिंकले.”

“डब्यात नर्स होती. चिठ्ठी खोटी निघाली,” सर म्हणाले, पण एवढ्या हळू की नथूपर्यंत ते गेलं नाही. मग मोठ्याने, “काढ म्हन्लं ना.”

अठ्ठावीस वर्षं ज्या वस्तऱ्याने वाट बघितली होती, त्याला आता धार नव्हती. नथूला तीनदा घासावा लागला. मिशी पडली तेव्हा कळलं की तिच्याखाली एक लहान, घाबरट, पांढरा ओठ असलेला माणूस राहत होता. गावाने ठरवलं की सरांनी उन्हामुळे काढली. कोणी पैजेचं नाव काढलं नाही, कारण गावाच्या हिशेबी सर हरलेच नव्हते. त्या जूनमध्ये पाचवीच्या पोरांना सरांनी एकही प्रश्न विचारला नाही. डब्यात खडू ठेवायला लागले.

पुढच्या आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सर निवृत्त होऊन साक्रीला निघाले. सामान टेम्पोतून पुढे गेलं होतं. मी त्यांना पहूरच्या स्टँडवर सोडायला गेलो. एक पिशवी आणि तो डबा, रिकामा, मांडीवर. मिशी पुन्हा वाढवलेली नव्हती. ऊन असं की स्टँडवरचं कुत्रंही कंडक्टरच्या सावलीत चालत होतं.

चाळीसगावच्या गाडीला थांबलेल्या बायकांत मनीषा होती. माहेर आटोपून परत चालली होती. बोटांवर कापसाच्या बोंडांच्या ओरखड्यांचे जुने वण, डोक्यावरून पदर, चेहरा तोच. तिने येऊन सरांच्या पायाला हात लावला. सरांनी तिला काय हवं-नको विचारलं नाही. एकदम म्हणाले, “तू ती चिठ्ठी बरोबर वाचलीस ना, बाय? मी काय लिहिलं होतं ते?”

“वाचली होती, सर.”

“मग?”

तिने गाडीच्या पाटीकडे बघितलं. पदर नीट केला.

“भावाले दहावीचा क्लास लावायचा होता, सर.”